पन्नास रुग्ण, सहा पाने

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर अकोटची एस.टी. लागायची वाट पाहत बसलेला माणूस आज हातातल्या मोबाइलवर एक जुना लेख उघडू शकतो, आणि तोही फुकट. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकाचा अकरावा खंड, ऑक्टोबर १९४९, पाने ३५० ते ३५५. लेखक रुस्तम जाल वकील, मुंबई. विषय असा की, ज्याचे कारण सापडत नाही अशा उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवर घेतलेला पडताळा. सहा पानेच आहेत. एस.टी. नेहमीसारखी उशिरा आली, तर लेख वाचून होतो.

या सहा पानांभोवती पुढे एक गोष्ट तयार झाली. ‘रक्तदाबावरच्या सर्पगंधेचा शोध मुंबईच्या डॉ. वकिलांनी लावला’ हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, भाषणांत, वर्तमानपत्री पुरवण्यांत इतक्या वेळा आले आहे, की कागद तपासायची गरज कुणाला वाटत नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मात्र हे वाक्य खटकायला हवे. तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा पानपिंपळीचा आणि सफेद मुसळीचा. पिंपळीची फळे आणि पिंपळमूळ कुठे जाते, कुणाच्या काढ्यात पडते, त्याच्या डबीवर कुणाचे नाव छापले जाते, याचा आणि मळ्यातल्या माणसाचा संबंध नसतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मुळीला बाजारात नाव मिळणे आणि मुळीचा गुण कळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सर्पगंधेच्या बाबतीत त्या दोहोंमधले अंतर कागदांवरून मोजता येते. ते मोजायचा हा प्रयत्न.

सर्वांत जुना छापील कागद गोव्याचा. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे हिंदुस्थानातल्या औषधींवरचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या एका लाकडाचे प्रकार सांगितले आहेत, आणि मुंगूस सापाशी भिडण्यापूर्वी ते झाड चावते, अशी सांगोवांगीही दिली आहे. त्यातला एक प्रकार म्हणजे सर्पगंधा, असे पुढच्या टीकाकारांनी ठरवले. वनस्पतिकोशांत सर्पगंधेला मराठीत हरकी, अडकई यांच्याबरोबर मुंगूसवेल असेही नाव दिलेले असते. झाड वेलीचे नाही, कमरेएवढे झुडूप आहे. पण नावे अशीच पडतात. शास्त्रीय नावातला ‘राउवोल्फिया’ हा शब्द सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ड राउवोल्फ या आउग्सबुर्गच्या वैद्यावरून १७०३ मध्ये शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवला. बिहारकडे हीच मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. म्हणजे लोकांनी तिला साप आणि वेड या दोन खात्यांत टाकले होते. रक्तदाब हे खातेच जुन्या वैद्यकात नव्हते. दंडाला पट्टा बांधून पारा चढवण्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले. तोवर या मुळीने रक्तदाब उतरतो हे कुणी म्हणणार तरी कसे?

ते पहिल्यांदा ठामपणे म्हटले गेले १९३१ मध्ये, कोलकात्यात. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांचा ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मधला लेख. सेन हे कविराज, महामहोपाध्याय, आणि शिवाय आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेले. बोस हे डॉक्टर आणि औषधनिर्माते. लेखाच्या मथळ्यातच सर्पगंधा हे ‘वेड आणि उच्च रक्तदाब’ या दोहोंवरचे नवे हिंदी औषध असल्याचे म्हटले आहे. हा मथळा लक्षात ठेवा. सव्वीस वर्षांनी अमेरिकेत तो पुन्हा भेटणार आहे.

सेन-बोसांनी मात्रा दिली आहे: मुळीचे चूर्ण वीस ते तीस ग्रेन, दिवसातून दोनदा. आठवड्याभरात रुग्ण शांत होतो, झोप येते, रक्तदाबही उतरतो, असा त्यांचा अनुभव. इथे थोडे गणित करण्याजोगे आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला २.६ ते ३.९ ग्रॅम चूर्ण. चांगल्या मुळीत रेसर्पिन, म्हणजे या मुळीतून पुढे वेगळे काढलेले गुणकारी द्रव्य, आणि त्याच्या जातकुळीतली द्रव्ये दर हजारात एक ते दीड भाग असतात. म्हणजे सेन-बोसांच्या रुग्णाच्या पोटात रोज अडीच ते सहा मिलिग्रॅमच्या दरम्यान मूळ द्रव्य जात होते. चूर्णातले सगळे अंगी लागत नाही आणि मुळीत इतर द्रव्येही असतात, हे सोडून देऊ. तरीही हा आकडा जवळ ठेवा. रेसर्पिनची आजची मात्रा मिलिग्रॅमच्या विसाव्या भागापासून सुरू होते.

त्याच वर्षी, १९३१ मध्येच, दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातून दुसरा कागद निघाला. सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतली अल्कलॉइड द्रव्ये वेगळी काढून ‘इंडियन केमिकल सोसायटी’च्या नियतकालिकात त्यांचे वर्णन दिले. त्यातल्या एकाला त्यांनी संस्थेमागचा आधार असलेल्या हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. गंमत अशी की रक्तदाबाची आणि झोपेची चावी ज्या द्रव्यात होती, ते या यादीत नाही. ते मुळीच्या राळेसारख्या चिकट भागात दडून राहिले. अजमलीनने मात्र हृदयाच्या दुसऱ्याच दारातून प्रवेश केला. हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारायला ते वापरले गेले, आणि ब्रुगाडा या अचानक मृत्यू आणणाऱ्या आनुवंशिक दोषाचे निदान करण्यासाठी युरोपातल्या रुग्णालयांत आजही अजमलीनचे इंजेक्शन देऊन ईसीजी पाहतात. दिल्लीच्या हकिमाचे नाव असे जर्मनीतल्या हृदयतज्ज्ञाच्या तोंडी रोज येते. त्याला कदाचित ते नाव आहे हेही ठाऊक नसेल.

१९३३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधून रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांचा लेख दिला. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीने ‘सर्पिना’ या नावाने गोळ्या बाजारात आणल्या. रक्तदाबावरचे जगातले पहिले औषध, असा कंपनीचा दावा. जाहिरातीचा दावा म्हणून तो बाजूला ठेवला तरी गोळी होती आणि विकली जात होती. १९४२ मध्ये बी. बी. भाटिया यांनी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रक्तदाबावर सर्पगंधेचा वापर याच विषयावर लिहिले. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोलकात्याच्या मंडळींनी गुंगी आणणारा गुण त्या राळेच्या भागात आहे, इथपर्यंत मजल मारली.

या सगळ्या डॉक्टरी कागदांत एक कागद वेगळा आहे आणि तो विदर्भाशी जोडलेला आहे. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला राहत. त्यांचा रक्तदाब चढा असे आणि त्याच्या नोंदी ठेवल्या जात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने २०१९ मध्ये गांधीजींच्या आरोग्यावर जो विशेषांक काढला, त्यात १९ फेब्रुवारी १९४० ची नोंद २२०/११० अशी आहे. प्रवासात असताना त्यांनी सुशीला नायर यांना जे कळवले, त्यात सर्पगंधेचे थेंब घेतल्याचे आणि आपण शांत असल्याचे लिहिले आहे. २२०/११० आणि शांत! आजचा कुठलाही डॉक्टर या आकड्याला रुग्णाला घरी सोडणार नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच: वकिलांच्या लेखाच्या नऊ वर्षे आधी, सत्तरीतला एक माणूस रक्तदाबासाठी सर्पगंधा घेतो आणि ते पत्रात अगदी सहज लिहून जातो. म्हणजे ही गोष्ट तेव्हा गुपित नव्हती. ज्यांना रक्तदाब हा शब्द माहीत होता, त्यांच्यापैकी पुष्कळांना सर्पगंधाही माहीत होती.

तर मग वकिलांनी केले काय?

हे समजायला १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णापुढे काय वाढून ठेवलेले असे ते पाहावे लागते. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांच्या डॉक्टरने मोजलेला दाब होता ३००/१९०. हा आकडा हॉवर्ड ब्रूएन या त्यांच्या हृदयतज्ज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. जगातल्या सर्वांत बलवान देशाच्या अध्यक्षाला द्यायला विश्रांती, मीठ कमी करणे, झोपेची गोळी आणि डिजिटालिस हे हृदयाचे औषध यांपलीकडे फारसे काही नव्हते. ज्यांना परवडे त्यांच्यासाठी डॉ. केंपनर यांचा भाताचा आहार होता: भात, फळे, साखर, मीठ शून्य, महिनोन्महिने. नाहीतर स्मिथविक यांची शस्त्रक्रिया. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंच्या साखळ्या कापून काढायच्या, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावतात. दाब उतरे, पण उभे राहिले की माणूस चक्कर येऊन पडे. थायोसायनेट नावाचे औषध होते, पण ते आणि विष यांत अंतर थोडे. चढा दाब शरीराला आवश्यकच असतो, त्याला हात लावू नये, असे मानणारे डॉक्टरही थोडे नव्हते.

अशा वेळी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या अडतीस वर्षांच्या पारशी डॉक्टराने रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा दिली, प्रत्येकाचा दाब आधी आणि नंतर मोजला आणि निकाल लिहून लंडनला पाठवला. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ चा, मुंबईतला. शिक्षण लंडनमध्ये. त्यामुळे कुठल्या नियतकालिकातला लेख कोण वाचतो, हे त्यांना ठाऊक असणार. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ १९३९ मध्ये सुरू झाले होते आणि हृदयरोगाचे डॉक्टर ते जगभर वाचत. ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ बोस्टनच्या ग्रंथालयात कोण उघडणार होते? माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक फरक हाच. १९३१ आणि १९४९ या दोन कागदांमध्ये अठरा वर्षांचे जे अंतर आहे, ते ज्ञानातले नाही. ते पत्त्यातले आहे.

पण एवढ्यावर थांबणे वकिलांवर अन्यायाचे होईल. दुसरा फरक मोजणीचा. सेन-बोसांचा कागद अनुभवाचा आहे: असे होते, आठवड्यात होते. वकिलांचा कागद खातेवहीचा आहे. किती रुग्ण, किती दिवस, वरचा दाब किती उतरला, खालचा किती, औषधाने त्रास काय झाला. आडनावाला जागून त्यांनी सर्पगंधेची वकिली केली, पण पुराव्याची कागदपत्रे जोडून. वाचणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवायची सक्ती नव्हती. पटत नसेल तर स्वतःच्या पन्नास रुग्णांवर करून पाहता येत होते.

आजच्या मापाने तो पुरावा अपुरा आहे, हेही सांगायला हवे. सगळ्या रुग्णांना औषध मिळाले, तुलनेला दुसरा गट नाही. रक्तदाब हा मोजणाऱ्याच्या चेहऱ्यालाही घाबरतो. पहिल्या भेटीत तो चढतो, चौथ्या भेटीपर्यंत डॉक्टर ओळखीचा झाला की आपोआप काही अंशांनी खाली येतो. औषध दिले नसते तरी पन्नासांपैकी काहींचा उतरलाच असता. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ती प्रसिद्ध चाचणी, ज्यात कुणाला औषध मिळावे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते, ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९४८ मध्ये आली होती, पण ती रीत रुजायला अजून वेळ होता. वकिलांचा लेख जुन्या आणि नव्या रीतीच्या उंबरठ्यावर उभा आहे. मथळ्यात ‘चाचणी’ हा शब्द नव्या रीतीचा, आत पद्धत जुनी.

बोस्टनमध्ये तो लेख उघडला गेला. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून सर्पगंधेच्या गोळ्या मागवल्या आणि आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिल्या. वॉल्टर जडसन यांच्यासह त्यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९५३ च्या आरंभी आला. दाब हळूहळू, बेताने उतरतो, नाडी संथ होते, आणि विशेष म्हणजे रुग्णाची काळजी उतरते, असे त्यांचे निरीक्षण. बिहारच्या बाजारातल्या ‘पागल की दवा’चा गुण बोस्टनच्या डॉक्टराला असा दिसला.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बासेल इथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये त्या राळेच्या भागातून शुद्ध स्फटिक काढले आणि त्याला ‘रेसर्पिन’ नाव दिले. कोलकात्याच्या मंडळींनी जिथे बोट ठेवले होते, तिथूनच. पुढच्याच वर्षी ‘सर्पासिल’ ही गोळी बाजारात आली. मुळीचे चूर्ण ग्रॅमात द्यावे लागे. ही गोळी मिलिग्रॅमच्या अंशात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचा आपला अनुभव लिहिला. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिन प्रयोगशाळेत संपूर्ण बनवून दाखवले. रसायनशास्त्राच्या इतिहासातली ती मोठी करामत मानली जाते, पण औषध बनवायला मुळीच स्वस्त पडत राहिली.

वकिलांचा १९५५ चा लेख वाचताना मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटला. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात (खंड १२, पाने २२० ते २२९) त्यांनी सर्पगंधेवरच्या आजवरच्या सगळ्या लिखाणाचा आढावा घेतला. सेन-बोस, सिद्दीकी, चोप्रा ही नावे अमेरिकेतल्या वाचकापुढे मांडली. ज्याच्या नावावर पुढे शोध चढवला गेला, त्या माणसाने स्वतः मात्र आपल्या आधीच्यांची नावे लिहून ठेवली होती. दंतकथा वकिलांनी तयार केलेली नाही. ती नंतर आपण तयार केली.

१९५७ चा लास्कर पुरस्कार हा वैद्यकातला अमेरिकेतला सर्वांत मानाचा. त्या वर्षीच्या यादीत रेसर्पिनसाठी तीन नावे आहेत: नेथन क्लाइन, कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट नोस आणि मुंबईचे रुस्तम जाल वकील. त्याच यादीत दुसऱ्या बाजूला क्लोरप्रोमझिन या मनोविकारावरच्या औषधासाठी लाबोरी, डेनिकर आणि लेमान. म्हणजे वेडावरच्या औषधाचा आणि रक्तदाबावरच्या औषधाचा गौरव एकाच पानावर झाला. १९३१ च्या त्या मथळ्यात जे दोन शब्द शेजारी शेजारी होते, तेच पुन्हा शेजारी आले. सेन आणि बोस यांची नावे मात्र त्या पानावर नाहीत. सिद्दीकीही नाहीत, ते १९५१ मध्येच कराचीला गेले होते आणि तिथे १९९४ पर्यंत जगले. विल्किन्स यांना त्यांचा वेगळा लास्कर पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये मिळाला. त्याच वर्षी वकिलांना पद्मभूषण आणि १९६५ मध्ये वैद्यकशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार.

वकिलांचे बाकीचे काम इथे थोडक्यात. हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वीची जी धोक्याची अवस्था, छातीत दुखते पण अजून हृदयाचा स्नायू मेलेला नाही, तिच्यावर त्यांनी १९६१ आणि १९६४ मध्ये लिहिले. आज तिला आपण अनस्टेबल अंजायना म्हणतो. आणि अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले रुग्ण तपासण्याचे पाठ्यपुस्तक. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्यांनी रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी ते पुस्तक पाठ केले आहे.

औषधाचे पुढे काय झाले, ते कागद अधिक गुंतागुंतीचे आहेत. १९५४ मध्येच एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतून इशारा दिला: रेसर्पिनच्या मोठ्या मात्रा बराच काळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना खिन्नता येते. मथळ्यात ‘मोठ्या मात्रा’ हे शब्द स्पष्ट आहेत. पण पुढे उद्धृत होताना ते गळत गेले आणि ‘रेसर्पिनने डिप्रेशन येते’ एवढेच उरले. लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चिंताग्रस्त, खिन्न रुग्णांवरची चाचणी दिली. तीत तर औषधाचा फायदाच दिसला. तो कागद फारसा कुणी वाचला नाही. याच काळात ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन या निरोप्या द्रव्याचा साठा रिकामा करते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन दिलेल्या, लुळ्या पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्या सशांतून पार्किन्सन रोगाचे औषध पुढे आले, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल. सर्पगंधेने रक्तदाबापेक्षाही मेंदूविषयी अधिक शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो का, या प्रश्नाचे पक्के उत्तर १९६७ मध्ये आले. त्याच फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष घेतले, खालचा दाब ११५ ते १२९ असलेले. ७३ जणांना औषध, ७० जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध म्हणजे तीन द्रव्ये एकत्र: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रालझिन आणि रेसर्पिन. बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, औषधाच्या गटात दोघांना. वकिलांच्या पन्नास रुग्णांत जो दुसरा गट नव्हता, तो इथे आहे. श्रेय एकट्या रेसर्पिनचे नाही, तिघांचे आहे. पण त्या तिघांत ते होते.

मग सप्टेंबर १९७४. ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन लेख आले: रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते. बातमी जगभर गेली. दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वकील वारले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. १९८५ मध्ये हॉरविट्झ आणि फाइनस्टाइन यांनी चूक कुठे झाली तेही दाखवले. तुलनेच्या गटातून हृदयरोगाच्या स्त्रिया वगळल्या होत्या, म्हणजे रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियाच आधी वगळल्या गेल्या होत्या, आणि मग उरलेल्यांत रेसर्पिन कमी दिसणारच. पण बदनामी झाली ती झालीच. नवी, महाग औषधे तोवर बाजारात उभी होती.

तरीही ते गेले नाही. ज्यांच्या घरात सत्तर-ऐंशीच्या दशकात बीपीचे म्हातारे माणूस होते, त्यांना ‘अॅडेल्फेन’ हे नाव आठवेल. सिबाचीच ती गोळी, तीत रेसर्पिन ०.१ मिलिग्रॅम आणि डायहायड्रालझिन. स्वस्त होती, म्हणून चालली. १९९१ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ लोकांवरची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तीत दुसऱ्या पायरीला पर्याय म्हणून रेसर्पिन होते, मात्रा ०.०५ मिलिग्रॅमपासून. सेन-बोसांच्या रुग्णाच्या पोटात जात होते त्याच्या पन्नासावा, शंभरावा भाग. खिन्नतेचे बहुतेक भांडण या एका आकड्यात मिटते असे मला वाटते. या कारणानेच आजही कुणी सर्पगंधेचे चूर्ण स्वतःच्या मनाने बीपीच्या गोळीबरोबर घेऊ नये. मुळीत किती द्रव्य आहे, हे मुळी सांगत नाही.

आणि ती मुळी. १९५२ नंतर जगभरातून मागणी आली तशी जंगले उपसली गेली. सर्पगंधा मंद वाढते आणि औषध मुळात असते, म्हणजे झाड उपटल्याशिवाय माल मिळत नाही. कारखान्यांनी मग आफ्रिकेतल्या तिच्या बहिणीकडे, राउवोल्फिया वोमिटोरियाकडे मोर्चा वळवला. तिच्यात रेसर्पिन जास्त. १९९० मध्ये सर्पगंधा दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानासारख्या बागा आज आपल्याकडे आहेत, म्हणून शहरातल्या पोराला अशी झाडे निदान पाहायला तरी मिळतात.

इथवरचे सगळे कागद लंडन, बोस्टन, बासेल, कोलकाता, दिल्ली इथले आहेत. वऱ्हाडाचा कागद हवा आहे. १९३४ पासून साठच्या दशकापर्यंत तेल्हारा, अकोट, अचलपूर, मूर्तिजापूर इथल्या दवाखान्यांत आणि वैद्यांकडे सर्पगंधा कुणी, कशासाठी, किती मात्रेत दिली, हे जुन्या रुग्णवह्यांत, वैद्यांच्या चोपड्यांत, औषध दुकानांच्या बिलबुकांत लिहिलेले असते. अशी वही तुमच्या आजोबांच्या पेटीत असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी तिच्या पानांचे फोटो काढा, रुग्णांची नावे झाका, आणि वही जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. पान फाटलेले असले तरी चालेल. तारीख आणि मात्रा वाचता आली पाहिजे.